पालवणकर बाळू : एका पगारी खेळाडूची कारकीर्द

खेळ हा विरंगुळ्यासाठी असतो, असे आपण मानतो. परंतु ज्याच्या घरची चूल खेळावर पेटते त्याच्या दृष्टीने खेळ ही चाकरीच होय. इंग्लंडात ही गोष्ट मान्य व्हावयास बराच काळ लागला. तेथील फुटबॉल असोसिएशनने खेळाडूस उघडपणे वेतन देण्यास १८८५ साली परवानगी दिली. तीन वर्षांनी, १८८८ साली, बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली आणि १८९२ साली तिला दुसरी श्रेणी जोडली गेली. गिरण्यांच्या व खाणींच्या गावांतील शेकडो तरुण ह्या क्लबांत आठवड्याच्या पगारावर राहिले. त्यांतले थोडे नावारूपास आले. बहुतेक कनिष्ठ श्रेणीतच खेळले, पायाला दुखापत होईतो किंवा वय पस्तिशीकडे झुकेतो खेळले, आणि नंतर पुन्हा गिरणीत अथवा खाणीत परतले. १९०१ साली असा नियम झाला की, कोणाही खेळाडूस आठवड्यास चार पौंडांहून अधिक वेतन देऊ नये. आकडा पुढे वाढत गेला, तरी वेतनाची कमाल मर्यादा १९६१ पर्यंत टिकून होती.

क्रिकेटात हा भेद अधिकच ठळक होता. जो पैसे न घेता खेळे तो ‘जंटलमन’ आणि जो पैसे घेई तो नुसता ‘प्लेअर’. दोघे एकाच संघातून खेळत. पण कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या, मैदानावर उतरण्याची दारे निराळी, इतकेच काय पण धावफलकावर नावे छापण्याची रीतही निराळी. जंटलमनच्या नावाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी येत, प्लेअरची मागाहून. फलंदाजी ही बहुधा जंटलमनची हौस, आणि दिवसभर उन्हात गोलंदाजी करणे हे पगारी माणसाचे काम, अशी वाटणी असे. संघाचे कर्णधारपद पगारी माणसाकडे देणे तर कोणास रुचत नसे. इंग्लंडच्या संघाचे नियमित कर्णधारपद पगारी खेळाडूकडे, म्हणजे लेन हटनकडे, आले ते १९५२ साली. आणि जंटलमन व प्लेअर हा भेद कागदावरून पुसला गेला तो १९६२ साली.

हे सारे येथे सांगण्याचे प्रयोजन असे की, आपल्याकडेही एक पगारी खेळाडू होऊन गेला. त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या मधला दरवाजा केवळ वेतनाचा नव्हता, जन्माचाही होता. इंग्लंडातील पगारी खेळाडूस दार निराळे होते, तरी चहाचा पेला तोच होता. ह्या खेळाडूस पेलाही निराळा होता. त्याचे नाव पालवणकर बाळू.

आडनावावरूनच कळते की ह्या घराण्याचे मूळ कोकणातील. रत्नागिरी आणि त्याच्या उत्तरेस लागून असलेला कुलाबा, ज्यास आता रायगड म्हणतात, हे दोन्ही जिल्हे एकाच किनाऱ्याचे आणि बहुतांशी एकाच परिस्थितीचे. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये सापडलेली चिंचोळी जमीन, तीही खोतांच्या ताब्यात. भात चार महिन्यांचे, आणि पोट बारा महिन्यांचे. म्हणून ह्या किनाऱ्यावरचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आला आहे. कोणी गलबतातून व पुढे आगबोटीतून मुंबईस गेला, कोणी घाट चढून पुण्यास गेला. ज्यांना गावात विहिरीवर पाणी भरण्याची मुभा नव्हती, अशा जातींतील पुष्कळांनी कंपनी सरकारच्या पलटणींचा आश्रय केला. पलटणीत निदान वेळेवर पगार मिळे आणि मुलांच्या कानांवर चार अक्षरे पडत.

बाळूंचे घराणे चर्मकार समाजाचे. त्यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले आणि तेथेच बाळू व त्यांचे धाकटे भाऊ शिवराम यांनी गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेटचे पहिले धडे गिरविले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे आणखी दोन भाऊही ह्याच खेळात नावारूपास आले.

शाळा लौकरच सुटली. घरास मिळकतीची गरज होती. पुण्यातील पारश्यांच्या एका क्रिकेट मैदानावर झाडलोट करणे व रोलर ओढणे ह्या कामी बाळूंना दरमहा तीन रुपयांवर नोकरी मिळाली. तेथून १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. पगार एका रुपयाने वाढून चार झाला. काम असे : खेळपट्टी दाबून सपाट करावयाची, चुन्याच्या रेघा मारावयाच्या, सरावाची जाळी उभी करावयाची, आणि सायंकाळी टेनिसची मैदाने आखावयाची. ह्या कामांच्या यादीत चेंडू टाकणे मुळीच नव्हते. परंतु एका गोऱ्या सभासदाने त्यांस जाळ्यात गोलंदाजी करावयास सांगितले, आणि साहेबमंडळींच्या ध्यानात आले की हा रोलर ओढणारा पोरगा काही निराळाच आहे.

बाळू डाव्या हाताने संथ गोलंदाजी करीत. धाव आखूड, हात सहज फिरणारा, आणि चेंडू दोन्ही बाजूंना वळणारा. ह्या गोलंदाजीत जोराला महत्त्व नव्हते. महत्त्व होते ते अचूकतेला आणि फसवणुकीला. एकाच हालचालीने सहा निरनिराळे चेंडू टाकता येणे, ही विद्या वर्षानुवर्षांच्या सरावानेच साधते. हा सराव त्यांना पूना क्लबात भरपूर घडला; कारण सराव करणे हीच आता त्यांची चाकरी झाली होती.

हिंदुस्थानातील युरोपियनांत त्या वेळी कॅप्टन ग्रेग हे पहिल्या प्रतीचे फलंदाज मानले जात. हे गृहस्थ इंग्लंडात हँपशायर परगण्याकडूनही खेळत. ते इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. अशी कथा सांगतात की, बाळूंनी त्यांना बाद केले की दर खेपेस ते आठ आणे बक्षीस देत. हिशेब करून पाहावा. महिन्यातून आठ वेळा ग्रेगसाहेब बाद झाले की चार रुपये, म्हणजे अख्खा पगार पुन्हा हाती पडे. गोलंदाजीत सुधारणा व्हावी म्हणून ह्याहून प्रभावी शिष्यवृत्ती कोणती असणार!

मात्र ह्या सगळ्या काळात त्यांच्या हाती फळी कधी दिली गेली नाही. शेकडो तास चेंडू टाकणाऱ्यास एकदा तरी फलंदाजी करून पाहू द्यावी, असे कोणास वाटले नाही. फलंदाजी हे साहेबाचे सुख आणि गोलंदाजी हे चाकराचे काम, ही इंग्लंडातील वाटणी येथे समुद्र ओलांडून आली होती. तिला येथे रंगाचा आधार मिळाला इतकेच.

पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांशी सामने खेळावयाचे होते. बाळूंची कीर्ती त्यांच्या कानी गेली होतीच. तेव्हा प्रश्न उभा राहिला, की अस्पृश्य जातीच्या खेळाडूस आपल्या संघात घ्यावे काय? मंडळींत दोन पक्ष पडले. काही तेलुगू सभासद बाळूंना घ्यावे ह्या मताचे होते, तर ब्राह्मण सभासदांपैकी बरेचजण विरुद्ध होते. असा गोलंदाज हाताशी असता त्यास दूर ठेवणे हा शुद्ध मूर्खपणा होय, अशा आशयाचे उद्गार खुद्द ग्रेग यांनी काढले. शेवटी जिंकण्याची इच्छा ही विटाळाच्या भीतीपेक्षा प्रबळ ठरली आणि बाळू संघात आले.

संघात आले, पण कोठवर? मैदानाच्या सीमारेषेपर्यंत. खेळ चालू असता जो चेंडू बाळूंच्या हातून निघे तोच यष्टिरक्षकाच्या हाती जाई, तोच झेल घेणाऱ्याच्या हाती जाई, आणि त्या चेंडूने कोणासही विटाळ होत नसे. परंतु मधल्या सुट्टीत सारे खेळाडू तंबूत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, तेव्हा बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. ते भांडे नंतर फोडून टाकावयाचे. तोंड धुण्यास पाणी हवे असल्यास ते त्यांच्याच जातीच्या चाकराने मैदानाच्या कोपऱ्यात आणून द्यावे. जेवणाचे ताट निराळे, बसण्याची जागा निराळी. आपल्या समाजाचे विचारसूत्र किती विचित्र होते हे ह्या एका चित्रावरून जितके कळते तितके दहा ग्रंथ वाचूनही कळणार नाही. चामड्याचा चेंडू चालत होता. तो ज्या हातातून येई तो हात मात्र चहाच्या पेल्यास चालत नव्हता.

बाळूंनी ह्याविषयी त्या वेळी आवाज उठविल्याचे आढळत नाही. ते गोलंदाजी करीत राहिले. सातारा येथे युरोपियनांच्या जिमखान्याविरुद्ध जो सामना झाला त्यात तर यजमानांनी बाळूंच्या धास्तीने खेळपट्टी अनेक दिवस रोलर फिरवून गुळगुळीत करून ठेविली होती, जेणेकरून त्यांचा चेंडू वळू नये. पण ज्याने स्वतः वर्षानुवर्षे रोलर ओढला त्याला खेळपट्टीचे मर्म साहेबांहून अधिक ठाऊक होते. त्यांनी सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. ह्या विजयानंतर पुण्यात त्यांचा जाहीर गौरव झाला. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकाने त्यांची प्रशंसा केली आणि लोकमान्य टिळकांनीही त्यांचा सन्मान केला. सामाजिक प्रश्नांत ज्या दोघांचे क्वचितच जुळे, त्यांचे ह्या एका गोलंदाजाविषयी जुळले.

१८९६-९७ च्या प्लेगच्या धामधुमीत बाळूंनी पुणे सोडले व ते मुंबईस आले. तेथे पुढे रेल्वे कंपनीत त्यांना नोकरी मिळाली. १८९४ साली स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्याच्या वेळी पुन्हा तोच वाद झाला आणि पुन्हा त्याचा निकाल तसाच लागला. तथापि मुंबई हे व्यापाराचे शहर. येथे माणसाचे मोल त्याच्या उपयोगावरून ठरविण्याची थोडीफार सवय होती. हळूहळू मातीचे भांडे मागे पडले आणि बाळू इतरांबरोबर एका पंक्तीस बसू लागले.

आता १९०६ सालाकडे वळू. मुंबईत युरोपियन आणि पारशी यांचे सामने दरवर्षी होत असत. हिंदूंना त्यांत स्थान नव्हते. ह्या वर्षी मात्र हिंदूंचे आव्हान युरोपियनांनी स्वीकारले आणि फेब्रुवारीत बाँबे जिमखान्याच्या मैदानावर सामना झाला. काळ मोठा भारलेला होता. आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची चळवळ पेटली होती, आणि जपानसारख्या आशियातील राष्ट्राने रशियास युद्धात नमविले होते. अशा वेळी मैदानावरचा सामना केवळ सामना राहत नाही.

हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियन १९१ मध्ये बाद झाले. बाळूंनी तीन बळी घेतले. दुसऱ्या डावात हिंदूंना १६० धावाच करता आल्या. म्हणजे युरोपियनांना विजयासाठी २१२ धावा हव्या होत्या, आणि हे लक्ष्य काही आवाक्याबाहेरचे नव्हते. परंतु त्यांचा दुसरा डाव १०२ धावांत आटोपला. बाळूंनी पाच बळी घेतले आणि हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. बाळूंबरोबर त्यांचे बंधू शिवराम हेही ह्या संघात होते. मुंबईच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ ह्या पत्राने ह्या विजयाचा जो अर्थ लाविला तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याचा आशय असा की, ज्या हिंदूंनी पुण्यास बाळूंना तंबूबाहेर ठेविले आणि मुंबईस आपल्या पंक्तीस घेतले त्यांनी सुधारणेचा एक टप्पा ओलांडला आहे. राष्ट्राचे हित साधावयाचे तर गुणाला जात विचारून चालणार नाही, हाच ह्या सामन्याचा धडा होय.

१९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदू यांचे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आल्यावर ते चौरंगी झाले. पंथवार संघ करण्याच्या ह्या पद्धतीचे दुष्परिणाम पुढे दिसू लागले, आणि १९४६ साली हे सामने बंद पडले. परंतु त्या काळी मुंबईच्या जनतेला ह्या सामन्यांइतकी दुसरी कशाचीच ओढ नसे.

१९११ साली हिंदुस्थानातील सर्व जमातींचा एक संघ प्रथमच इंग्लंडला गेला. ह्यापूर्वी १८८६ व १८८८ साली गेलेले संघ केवळ पारश्यांचे होते. नव्या संघाचे कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. दोघे पालवणकर बंधू, बाळू आणि शिवराम, संघात होते. महाराजांनी फार थोड्या सामन्यांत भाग घेतला. ते सम्राटांच्या राज्यारोहणाच्या समारंभांत व मेजवान्यांत गुंतले आणि कर्नल मिस्त्री यांच्यासारखा उत्तम फलंदाजही त्यांनी आपल्या दिमतीस ठेविला. परिणामी संघाची दशा दीनवाणी झाली. २३ सामन्यांपैकी १५ मध्ये पराभव झाला, अवघे सहा जिंकले आणि दोन अनिर्णित राहिले.

ह्या पडझडीत बाळू एकटे खांद्यावर भार घेऊन उभे होते. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीचे, म्हणजे गोलंदाजाची उमेद मावळण्याचे. कँब्रिज विद्यापीठाच्या एका डावात त्यांनी १०३ धावांत आठ बळी घेतले. लीस्टरशायरविरुद्ध दोन्ही डावांत मिळून अकरा बळी घेऊन संघास विजय मिळवून दिला. सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनी नाबाद शतक केले आणि एका गड्याने सामना जिंकला. सर्व सामने मिळून बाळूंनी ११४ बळी मिळविले, आणि प्रत्येक बळीस सरासरी १९ हून कमी धावा दिल्या. ज्या भूमीत ह्या खेळाचा जन्म झाला तेथे, पावसाळी हवेत, अपरिचित खेळपट्ट्यांवर, सतत हरणाऱ्या संघाकडून खेळताना हा पराक्रम घडला. हा मनुष्य इंग्लंडात जन्मला असता तर एखाद्या परगण्याने त्यास वर्षानुवर्षे वेतनावर ठेविले असते. कारकीर्दीच्या अखेरीस त्याच्या नावाने साहाय्यार्थ सामना करून त्याला थैली दिली असती, आणि म्हातारपणी त्याने एखादे दुकान थाटले असते. तेथील सामान्य पगारी खेळाडूचेही नशीब एवढे असे. बाळूंना मुंबईस परत येऊन पुन्हा रेल्वेतील नोकरीवर रुजू व्हावे लागले.

त्याच उन्हाळ्यात कलकत्त्यास मोहन बागानच्या फुटबॉल संघाने, बहुतेक अनवाणी खेळून, ईस्ट यॉर्कशायर पलटणीला हरवून आय. एफ. ए. ढाल जिंकली. ती तारीख २९ जुलै १९११. बंगालने ह्या अकरा वीरांना डोक्यावर घेतले. महाराष्ट्राने बाळूंना डोक्यावर घेतले काय? मुंबईत दलित वर्गाने त्यांचा सत्कार केला व मानपत्र दिले, आणि त्या मानपत्राच्या कामात भीमराव आंबेडकर नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याचा हात होता. उरलेल्या समाजाने टाळ्या वाजविल्या. पण हिंदू संघाचे कर्णधारपद काही दिले नाही.

ह्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. बाळू हे संघातील सर्वांत जुने, सर्वांत अनुभवी आणि निःसंशय सर्वांत यशस्वी खेळाडू. पण वर्षामागून वर्षे गेली, कर्णधार बदलत राहिले, आणि बाळूंचे नाव निघाले नाही. १९१३ साली एम. डी. पै यांची निवड झाली तेव्हा त्यांनी आपल्या सत्काराच्या प्रसंगी उघड बोलून दाखविले, की हा मान ज्येष्ठतेने व अनुभवाने बाळूंचा होता. पै यांची ही सरळता भूषणावह खरी. परंतु मान मात्र ज्याचा त्याला मिळाला नाही. गोलंदाजी करून घेण्यास समाजाची हरकत नव्हती. आज्ञा घेण्यास होती. चाकर कुशल असला तरी चालतो, धनी झालेला चालत नाही, हा न्याय इंग्लंडातील जंटलमनचा आणि येथील उच्चवर्णीयांचा एकच.

१९२० साली पुन्हा चौरंगी सामने झाले. पहिल्या सामन्यास पै नव्हते, म्हणून नेतृत्व तरुण प्राध्यापक देवधर यांजकडे देण्यात आले आणि बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल ह्या बंधूंनी जे केले ते त्या काळी विलक्षण होते. त्यांनी संघातून आपली नावे काढून घेतली आणि वर्तमानपत्रांत जाहीर निवेदन करून आपली बाजू लोकांपुढे मांडली. आपल्या ज्येष्ठ बंधूंचा हक्क केवळ जातीमुळे डावलला जात आहे, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. चार रुपयांवर रोलर ओढणाऱ्याने जे कधी बोलून दाखविले नाही, ते त्याच्या धाकट्या भावांनी बोलून दाखविले. लोकमत खवळले. जिमखान्यास तडजोड करावी लागली. पारश्यांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै कर्णधार व बाळू उपकर्णधार झाले. पालवणकर बंधू परत आले. सामना चालू असता पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ का होईना, हिंदूंच्या संघाने बाळूंच्या आज्ञेत क्षेत्ररक्षण केले.

ह्यानंतर बाळू खेळातून निवृत्त झाले. पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले. सरासरी पंधरा धावांस एक बळी हे प्रमाण कोणत्याही देशात अभिमानाने सांगण्यासारखे आहे. १९२३ साली धाकटे बंधू विठ्ठल यांस हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले आणि त्यांनी चौरंगी सामन्यांत विजय मिळविला. जे दार थोरल्या भावाने वीस वर्षे ठोठावले ते धाकट्यासाठी उघडले. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले.

मैदानावर जे घडले त्याची दुसरी बाजू कोकणच्या किनाऱ्यावर घडत होती. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे असावेत. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावरचे पाणी ओंजळीत आले नाही. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. पुण्याच्या मैदानाबाहेरचे मातीचे भांडे आणि महाडचे तळे, दोहोंचा प्रश्न एकच होता. एके ठिकाणी तो एका माणसाने आपल्या गुणाच्या बळावर सोडविण्याचा यत्न केला, दुसऱ्या ठिकाणी हजारोंनी आपल्या हक्काच्या बळावर.

ह्या दोन मार्गांची गाठ पुढे राजकारणात पडली. १९३२ च्या पुणे करारावर डॉ. आंबेडकरांप्रमाणे पी. बाळू यांचीही सही आहे. पण बाळूंचा कल समेटाकडे होता. हिंदू समाजात राहूनच, त्याचे मन वळवूनच, अस्पृश्यता जाईल ही त्यांची श्रद्धा. आंबेडकरांनी १९३५ साली येवले येथे धर्मांतराची घोषणा केली, ती बाळूंना मानवली नाही. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध बाळूंनाच उभे केले. ज्या तरुणाने एकेकाळी बाळूंच्या मानपत्रास हात लाविला होता, तोच आता त्यांचा प्रतिस्पर्धी होता. आंबेडकरांस १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजार मतांनी बाळू पराभूत झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

ह्या निवडणुकीवरून बाळूंना दोष देणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे होणार नाही. ज्याला आयुष्यभर एकेक पायरी चढूनच वर येता आले, त्याचा पायऱ्यांवर विश्वास बसतो. बाळूंच्या अनुभवात मातीचे भांडे जाऊन पंक्तीचे ताट आले होते, वगळलेले नाव परत आले होते, आणि कर्णधारपद घरात आले होते. तेव्हा समाज बदलतो, असे त्यांना वाटले तर नवल नाही. आंबेडकरांचे म्हणणे असे की, लाखांत एखाद्याजवळच बाळूंचा डावा हात असतो. उरलेल्यांनी पाणी पिण्यासाठी सात बळी घेण्याची वाट का पाहावी? ह्या प्रश्नाला बाळूंच्या कारकीर्दीत उत्तर सापडत नाही. आणि ते सापडत नाही हेच त्या कारकीर्दीचे सर्वांत मोठे शिक्षण होय.

हिंदुस्थानचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ साली लॉर्ड्सच्या मैदानावर झाला, तेव्हा बाळू छप्पन वर्षांचे होते. त्यामुळे कसोटी खेळाडूंच्या नामावलीत त्यांचे नाव नाही. पुढे सांगलीचे विजय हजारे लँकेशरमधील रॉटनस्टॉल क्लबाचे पगारी खेळाडू झाले. त्या वेळी मराठी माणूस इंग्लंडात वेतनावर क्रिकेट खेळतो ह्याचे सर्वांना कौतुक वाटले, आणि खेळ हा प्रतिष्ठित मनुष्याचा व्यवसाय होऊ शकतो हे आपल्याकडेही मान्य होऊ लागले. त्या वाटेवरचा पहिला पगार दरमहा तीन रुपयांचा होता, हे मात्र विसरले गेले.

पालवणकर बाळू १९५५ च्या जुलैमध्ये मुंबईत निवर्तले. त्याच वर्षी, काही आठवड्यांपूर्वी, अस्पृश्यता हा गुन्हा ठरविणारा कायदा देशात अमलात आला होता. इंग्लंडात पगारी खेळाडूसाठीचे निराळे दार त्यानंतर सात वर्षांनी बंद झाले. दोन्ही देशांनी कायद्याने आणि नियमाने दारे मोडली खरी. परंतु माणसाच्या हातचा चेंडू घ्यावा आणि त्याच्या हातचे पाणी नाकारावे, ही वृत्ती मनातून निघाली काय, हे प्रत्येक घराने आपल्या स्वयंपाकघरात पाहून ठरवावयाचे आहे.